'दुखून नाही राह्यलं ना!'

वर्धा जिल्ह्यात पायाच्या जखमा तपासणाऱ्या डॉक्टरला एक वाक्य रोज ऐकावं लागतं: "दुखून नाही राह्यलं ना, मंग काह्याले फिकर?" तळव्याला भोक पडलेलं असतं, पट्टी भिजून पिवळी झालेली असते आणि पेशंट देवळीहून स्वतः मोटारसायकल चालवत आलेला असतो, तोही घरच्यांनी रेटा लावला म्हणून. साखर आहे का? "थोडी हाय." किती वर्षांपासून? "असंल दहा-बारा."

तर एकदाचं सांगून टाकतो. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होऊ लागतात. जखम दिसते पण दुखत नाही, याचा अर्थ खबर देणारी नसच निकामी झाली. पाय दुखणारा माणूस लंगडतो आणि त्या लंगडण्यानेच जखमेवरचा भार हलका होतो. बधिर पायाचा माणूस त्याच जखमेवर दिवसभर सगळं वजन टाकून चालतो. पऱ्हाटीच्या धसकटांतून फिरून येतो. चपलेतून आरपार गेलेला खिळा त्याला संध्याकाळी पाय धुताना सापडतो. झोपेत उंदराने बोट कुरतडलं तरी जाग येत नाही. ही थाप वाटत असेल, तर भारतीय डॉक्टरांनी अशा केसेस वैद्यकीय नियतकालिकांत छापल्या आहेत.

खरं तर वर्धेकरांना हे सगळ्यांच्या आधी कळायला हवं. मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये इथेच, दत्तपूरला, कुष्ठरोग्यांसाठी काम उभं केलं. तरी 'महारोगात बोटं झडतात' हे अजून ऐकू येतंच. बोटं झडून पडत नाहीत. 1946 मध्ये वेल्लोरला आलेले सर्जन पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की जंतू नसा मारतात आणि पुढची बहुतेक नासधूस न कळलेल्या भाजण्या-कापण्याने, त्या जखमा चिघळल्याने होते. मधुमेही पायाचं आजचं शास्त्र बरंचसं याच कामातून आलं. तळव्याला नायलॉनचा धागा टेकवून त्याचा 10 ग्रॅमचा दाब जाणवतो का ते बघतात; हा निकष 1986 साली अमेरिकेतल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग केंद्रातल्या अभ्यासातून पुढे आला. एमसीआर रबराची मऊ चप्पलही कुष्ठरोग्यांच्या पायांतूनच मधुमेह्यांकडे आली. ती लिहून दिली की उत्तर तयार असतं: "ते तं महारोग्याची चप्पल हाय, लोक काय म्हनतील?" पाय कापावा लागला तर लोक काय म्हणतील, हे विचारायचा मोह आवरावा लागतो.

आपल्याला काही होत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक आकडा. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधल्या 2017 च्या आढाव्यानुसार मधुमेह असलेल्या 19 ते 34 टक्के लोकांच्या पायाला आयुष्यात कधी तरी अशी जखम होते.

या कामात करमणूकही आहे. डॉक्टरला चप्पल बघायची असते आणि नेमकी तीच दाराबाहेर काढलेली असते. आत आणा म्हटलं की माणूस ओशाळतो, मग पिशवीत लपवून आणतो. म्हाताऱ्या आजीच्या पायाला हात लावला की ती पाय ओढून घेते: "पाप लागते ना बाप्पा!" आजी, सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वतः धूत होते.

बाकीचे समज झटपट. कुरुपाला मूळ नसतं. ती दाबाने जाड झालेली कातडी आहे, दाब राहिला की ती परत येते. मेडिकलमधल्या कुरुपाच्या पट्टीत आम्ल असतं, बधिर पायावर ती चांगली कातडीही जाळते. ब्लेडबद्दल तर बोलायलाच नको. गरम पाण्याचा शेक बधिर पायाला आराम देत नाही, भाजतो. साखर चालण्याने उतरते, त्यासाठी हिरवळीवर अनवाणी व्हायची गरज नाही. नखं कोपऱ्यात खोल कापू नका, सरळ कापा.

मधुमेह असेल तर आज घरीच एवढं करा. डोळे मिटून बसा आणि घरातल्या कुणाला तरी दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एक-दोन सेकंद हलकेच बोट लावायला सांगा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर याच आठवड्यात दवाखान्यात पाय दाखवा. आणि चप्पल आत घेऊन या.