गिरड किती दूर?

मुंबई ते नागपूर विमानाने सुमारे ७०० किलोमीटर; दीड तासाची वाट. आगगाडीला सबंध रात्र लागते. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, तेव्हा हाच हिशेब करून मी तिकीट काढले. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रासची विमाने मध्यरात्री नागपुरात भेटत, थैल्यांची अदलाबदल करून परतत. आजोबा हे मोठ्या कौतुकाने सांगत. पण नागपूर म्हणजे काही गिरड नव्हे! पुढची साठेक किलोमीटर एस.टी.ची. उमरेडला दुसऱ्या गाडीची वाट पाहण्यातच विमानाहून अधिक वेळ गेला. शेख फरीदबाबांची टेकडी दिसली, तेव्हा दिवस मावळला होता.

आई जागी होती.

"जेवला का रे बाबू, विमानात?" तिने विचारले.