निफाडचा पारा

पौष लागण्याच्या आतच पारा घसरला की पुण्यामुंबईचा वाचक सुखावतो. स्वेटर बाहेर निघतात, सकाळच्या चहाला चव येते. आणि निफाडच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा वाचून 'यंदा काय थंडी आहे!' असे म्हणत पान उलटले जाते. आम्हीही तो आकडा कौतुकाच्याच चौकटीत छापतो, हे कबूल केले पाहिजे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तो दोन अंशांच्या खाली उतरला होता.

परंतु हवामानकेंद्राचा तापमापक झापांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असतो. निरभ्र, निवांत रात्री उघड्या आभाळाखालचे पान आपली उष्णता गमावून भोवतालच्या हवेहूनही गार होते, आणि जड थंड हवा कादवेकाठच्या सखल शिवारात साचून राहते. म्हणून आकडा दोन-तीन अंशांवर असतानाही दव गोठते. ऑक्टोबरात छाटलेल्या वेलींवर तेव्हा घड वाढत असतात; त्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. शेतकरी पहाटे बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतो, पंपाने पाणी देतो. रात्री वीज असली तर!

द्राक्षांचा थंडीचा विमा मात्र महसूल मंडळातील हवामानकेंद्राच्या नोंदीवर ठरतो. केंद्र उंचवट्यावर आणि बाग खोलगट जागी असली, तर नुकसान होऊनही भरपाईचा मार्ग खुंटतो. या नोंदीला बागेतील प्रत्यक्ष पाहणीची जोड सरकारने द्यावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. निफाडचा आकडा कोठे व किती उंचीवर मोजला, हे आम्हीही यापुढे त्याच्याशेजारी छापू.