दुसरा रिमोट

चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावर वाढलेला माणूस मुंबईत कितीही वर्षे राहो, सुक्या बोंबलाचा वास आला की त्याची मान वळतेच. जिभेची आवड लहानपणी ठरते हे आपण बिनतक्रार मानतो. गाण्याबद्दलही मानतो. पण लहानपणी खेळलेल्या व्हिडिओ गेमने माणसाची अभिरुची घडते असे कोणी म्हटले, तर पांढरपेशा घरात त्याच्याकडे थोडे काळजीनेच पाहिले जाईल. मी पडले मराठीची प्राध्यापिका. अभिरुची हा शब्द आठवड्यातून चारदा तरी माझ्या तोंडी येतो. तेव्हा हे धाडस मीच केलेले बरे.

आमचे बिऱ्हाड बोईसरला. वडील एम. आय. डी. सी.तल्या एका कारखान्यात सुपरवायझर. १९९३ साली दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी मनीष मार्केटमधून एक खोके आणले. जपानात निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' काढला, त्याची ही दूरची भावंडे. आपल्याकडे कोणी 'सामुराई' म्हणून, कोणी 'लिटल मास्टर' म्हणून ओळखी, आणि पुष्कळशी बिननावाचीच. आमचे बिननावाचे होते. सोबतच्या कॅसेटवर '९९९ इन १' असे छापलेले. त्यातले खरे खेळ वीसेक. बाकी तेच ते, नावे बदलून. (पुढे काही कथासंग्रह वाचताना मला त्या कॅसेटची आठवण झाली आहे. असो.)

रिमोट दोन होते. पहिला दादाचा, दुसरा माझा, हे न बोलता ठरले. आता 'मारिओ'चा नियम असा, की दोघे खेळत असले तरी एक मेल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नाही. आणि दादा काही केल्या मरेना! तास तास मी हातात रिमोट धरून नुसती पाहत बसे. इतके पाहिले की एके दिवशी माझ्या लक्षात आले, वरचा ढग आणि खालचे झुडूप हे एकच चित्र आहे. वर पांढरा रंग, खाली हिरवा. दादाला सांगितले, तर तो म्हणाला, "मग काय झालं?"

काय झाले ते मला पुष्कळ वर्षांनी कळले. १९८५ सालचा तो अख्खा खेळ चाळीस किलोबाइटांत बसवलेला होता. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोला याच्या पन्नासपट तरी जागा लागते. जागाच नाही, म्हणून ढगालाच झुडूप केले. कोजी कोंडो या संगीतकाराला यंत्राने दिलेले आवाज तरी किती? दोन चालीला, एक खर्जाला, एक तालाला. तेवढ्यावर त्याने बांधलेली चाल आज चाळिशी उलटलेली माणसे भाजी निवडताना गुणगुणतात. आमच्या साडेतीन चरणांच्या ओवीचा संसार याहून फार वेगळा नाही. थोडक्या सामानात उभे केलेले घर मला आवडते, आणि ही आवड मला पाठ्यपुस्तकाने लावलेली नाही. तसेच प्रस्तावनेचे. मारिओ काहीच समजावून सांगत नाही. पहिल्याच पडद्यावर एक तपकिरी प्राणी समोरून चालत येतो, उडी मारली नाही की मेलात. हे ज्याच्या अंगवळणी पडले, त्याला चाळीस पानांची प्रस्तावना कशी रुचावी?

शिवाय खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती. वीज गेली की सारे पहिल्यापासून. एका बैठकीत संपते ते खरे, असे तेव्हापासून मनाने घेतले. कादंबरीपेक्षा कथा मला जवळची वाटते, त्याचे मूळ इथे असावे.

पण मग दादाचे काय? खोके तेच, कॅसेट तीच. दादाला आजही वेग लागतो. गाडी असो, सिनेमा असो, दहा मिनिटांत काही घडले नाही की तो उठून जातो. एकाच खेळाने दोन भावंडांना दोन आवडी कशा लावल्या? माझे उत्तर साधे आहे: खेळ कोणता हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो खेळताना तुम्ही कुठे बसला होता हेही महत्त्वाचे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक निष्कर्ष छापला. लहानपणी 'गेम बॉय'च्या चिमुकल्या पडद्यावर पोकेमॉन खेळलेल्या प्रौढांच्या मेंदूत ती चित्रे पाहताना एक विशिष्ट भाग जागा होतो, आणि तो साऱ्यांचा जवळपास एकाच ठिकाणी. कारण लहान चित्र रोखून पाहताना ते डोळ्याच्या मध्यावर पडते. म्हणजे काय पाहिले याइतकेच कसे पाहिले, हेही मेंदूने लिहून ठेवले. संशोधकांनी दुसऱ्या रिमोटवाल्या बहिणींचा विचार केलेला नाही. तो मी केला.

दोघांना एकदम खेळता येई तो 'कॉन्ट्रा'. त्यात एक धबधबा आहे. वर चढत जायचे. जो मागे राहील, तो पडदा सरकला की गेला. दादा भराभर उड्या मारी आणि मी खालच्या खाली मरे. "दादा, थांब ना!" हे माझे त्या वर्षीचे मुख्य वाक्य. महिन्याभरात तो थांबायला शिकला. अजूनही जिना चढताना तो मागे वळून पाहतो. वहिनींना वाटते, ही आईची शिकवण.

स्टेशनाजवळच्या पार्लरमध्ये मात्र मुलींनी जायचे नसे. तिथला 'मुस्तफा' मी कधी खेळले नाही. खेळाचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', १९९३ चा; पण देशभरच्या पोरांनी त्यातल्या एका नायकाच्या नावाने त्याचे बारसे केले. तो मी रात्री अंथरुणात दादाच्या तोंडून ऐकला, आणि मला खात्री आहे, त्यातली निम्मी राक्षसी जनावरे दादानेच घातलेली होती.

हे सारे आठवायला कारण झाला माझा एक विद्यार्थी. मी बोईसरहून उमरोळी मागे टाकत पालघरला शिकवायला जाते. हा विक्रमगडकडून एस.टी.ने येतो. पहिली आवड लागली ती कशाची, असे वर्गात विचारले, तर म्हणाला, "फ्री फायर, मॅडम." मोबाइलवरचा खेळ. चौघांची टोळी, चौघे चार गावांत, कानात फक्त एकमेकांचे आवाज. डाव दहा-पंधरा मिनिटांत संपतो. खेळ कधीच संपत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, तोवर याची आवड पक्की झालेली होती.

त्याने स्नेहसंमेलनासाठी एकांकिका लिहून आणली. चार माणसे, एकमेकांना न दिसणारी, नुसते बोलतात. संवाद असे, की आमच्या विभागात त्या तोडीचे लिहिणारे कोणी नाही, मी धरून. मध्येच एकाचा आवाज बंद पडतो. उरलेले तिघे त्याला हाका मारत राहतात, बराच वेळ. मी पेन्सिलीने त्या हाकांभोवती कंस केला आणि म्हटले, "हे निम्मे कर."

"नेट गेलं की असंच होतं, मॅडम," तो म्हणाला. "तो मेला, का नुसता रेंजबाहेर गेला, ते कळत नाही. हाका कमी केल्या तर ते वाट बघणंच जाईल."

वाट पाहण्याविषयी मला तो सांगत होता! एकांकिका दहा मिनिटांनी लांब आहे, हे माझे मत कायम आहे. ती जानेवारीत होणार आहे, एकही हाक न गाळता. दादाला मी पहिल्या रांगेत बसवणार आहे.