टिफ्रॅक ते परम : नकारातून घडलेला महासंगणक

संगणकाच्या इतिहासातील टप्पे म्हटले, की प्रथम आठवतो तो अमेरिकेतील ‘एनिॲक’. १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या या यंत्रात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या. भारतीय संगणकाच्या वाटचालीतील दोन महत्त्वाचे टप्पे मात्र महाराष्ट्रात गाठले गेले.

पहिला मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीचा इलेक्ट्रॉनिक संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. तोवर जगाने निर्वात नळ्या सोडून ट्रान्झिस्टरची कास धरली होती. यंत्र लवकरच जुने ठरले. ते घडविताना मिळालेले ज्ञान मात्र टिकले.

दुसरा टप्पा पुण्यातला. हवामानाचा अंदाज वर्तविणारा महासंगणक अण्वस्त्रांची आकडेमोडही करू शकतो, या भीतीने १९८० च्या दशकात अमेरिकेने त्याच्या निर्यातीवर कडक निर्बंध घातले होते. त्यावर उत्तर म्हणून १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला.

एकच अतिवेगवान प्रक्रियक बनविण्याऐवजी अनेक साधे प्रक्रियक एकाच वेळी कामाला लावणे, हे ‘परम’चे तत्त्व. पुण्याहून कापूरहोळकडे जाताना खेड शिवापूरचा टोलनाका लागतो. तेथे एकच खिडकी असती, तर कर्मचारी कितीही चपळ असला तरी रांग हटली नसती. खिडक्या वाढविल्या, की वाहने झपाट्याने पुढे सरकतात. समांतर संगणनाचे तत्त्व हेच. मात्र एका गणिताचे तुकडे पाडणे आणि उत्तरे अचूक जुळविणे, हे खरे कौशल्याचे काम. ते येथील अभियंत्यांनी साधले.

पुढे २००७ मध्ये पुण्यातीलच टाटा समूहाच्या ‘एका’ने जगातील महासंगणकांच्या यादीत चौथा क्रमांक पटकावला. २०२४ मध्ये ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. त्यांपैकी एक पुणे जिल्ह्यातील जीएमआरटी दुर्बिणीच्या कामी आला आहे.

तथापि, एक उणीव राहतेच. ‘परम ८०००’मधील प्रक्रियक ब्रिटनमधून आले होते. आजही आपल्या महासंगणकांचे प्रक्रियक प्रामुख्याने परदेशी कंपन्यांचेच आहेत. रचना आपली, पण चिप परक्याची, ही स्थिती बदलेल, तेव्हाच पुढचा टप्पा गाठला असे म्हणता येईल.