सचखंड एक्स्प्रेसमध्ये जेवण फुकट मिळतं, पण ते रेल्वे देत नाही. मग देतं कोण?

दर काही महिन्यांनी एक रील फिरतं. स्टेशनवर गाडी थांबलेली असते, पगडीधारी माणसं बादल्या घेऊन डब्यांकडे धावतात आणि प्रवासी आपापले डबे पुढे करतात. वर ओळ असते, 'भारतातली एकमेव ट्रेन जिथे रेल्वे मोफत जेवण देते.'

व्हिडिओ खरा असतो, ओळ मात्र चुकीची असते. ही गाडी आहे नांदेड ते अमृतसर धावणारी सचखंड एक्स्प्रेस. गाडीत फुकट जेवण मिळतं हे बरोबर आहे. पण ते रेल्वेकडून मिळत नाही, तिकिटात धरलेलं नसतं आणि कुठल्या सरकारी योजनेतूनही येत नाही. ते लंगरचं जेवण असतं.

आधी गाडीबद्दल

हुजूर साहिब नांदेडहून निघणारी गाडी 12715 आणि अमृतसरहून परत येणारी 12716. अंतर 2,000 किलोमीटरहून थोडं जास्त. नांदेडहून सकाळी निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसरला पोचते.

परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, भुसावळ करत ती महाराष्ट्र सोडते. पुढे खंडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, नवी दिल्ली, अंबाला, लुधियाना, जालंधर आणि शेवटी अमृतसर. ग्वाल्हेर आणि आग्र्याच्या मध्ये धौलपूरजवळ राजस्थानचा छोटासा तुकडाही लागतो. म्हणजे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान, दिल्ली, हरियाणा आणि पंजाब असा हा प्रवास. गाडी दक्षिण मध्य रेल्वेची, पण वाटेत ती मध्य, पश्चिम मध्य, उत्तर मध्य आणि उत्तर अशा आणखी चार झोनच्या रुळांवरून जाते.

नांदेडहून थेट अमृतसरला गाडी कशासाठी?

शिखांचे दहावे गुरू, गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये गोदावरीकाठच्या नांदेडला आले. इथेच त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचं निधन झालं. जाण्याआधी त्यांनी सांगितलं की यापुढे माणूस गुरू नसेल, ग्रंथ हाच गुरू असेल. म्हणून गुरू ग्रंथ साहिबला गुरूचा दर्जा मिळाला ते गाव म्हणजे नांदेड. पुढे महाराजा रणजितसिंग यांनी 1830 च्या दशकात इथे गुरुद्वारा बांधून घेतला. तो तख्त सचखंड श्री हुजूर साहिब. गाडीचं नावही तिथूनच आलं. सचखंड म्हणजे सत्याचा प्रदेश.

शीख धर्मात पाच तख्तं, म्हणजे सर्वोच्च धार्मिक पीठं आहेत. तीन पंजाबात, एक बिहारच्या पाटण्यात आणि एक नांदेडला. अमृतसरला सुवर्ण मंदिराशेजारी अकाल तख्त आहे. थोडक्यात, ही गाडी दोन तख्तांना जोडते.

या वाटेचं मराठी नातं त्याहून जुनं आहे. संत नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. नामदेव पंजाबात ज्या घुमान गावी राहिले, ते गुरदासपूर जिल्ह्यात आहे. 2015 चं 88 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला झालं होतं. आणि त्यांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी नामदेव आहे नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात.

मग गाडी इतक्या उशिरा का सुरू झाली?

कारण रुळांमध्येच अडचण होती. मनमाडहून मराठवाड्यातून जाणारा मार्ग निजामाच्या काळात मीटरगेज बांधला गेला. रुळांमधलं अंतर एक मीटर. मनमाड-भुसावळ-दिल्ली मार्ग मात्र ब्रॉडगेज, म्हणजे 1,676 मिलिमीटर. एका गेजची गाडी दुसऱ्यावर चालत नाही. पंजाबहून आलेल्या यात्रेकरूला मनमाडला उतरून, सामान उचलून, छोट्या गाडीत बसावं लागायचं.

1990 च्या दशकात मराठवाड्यातला हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि थेट गाडीचा रस्ता मोकळा झाला. सुरुवातीला ती आठवड्यातून एकदाच धावायची. आज ती रोज धावते.

लंगर गाडीत कसा पोचतो?

लंगर म्हणजे गुरुद्वाऱ्यातलं सामुदायिक स्वयंपाकघर. गुरू नानकांनी ही परंपरा सुरू केली. श्रीमंत असो की गरीब, कुठल्याही जातीधर्माचा असो, सगळ्यांनी एका पंगतीत बसून तेच जेवण जेवायचं. ज्या काळात कोण कोणाच्या हातचं खातो यावर माणसाची पायरी ठरायची, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. तेव्हा लंगरला 'फ्री फूड' म्हणणं म्हणजे अर्धंच सांगणं. किंमत शून्य असणं हा त्याचा एक भाग, सगळ्यांना सारखं वाढणं हा मुख्य भाग.

सचखंड एक्स्प्रेसमध्ये हीच पंगत रुळांवर येते. परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, भोपाळ, नवी दिल्ली अशा स्टेशनांवर स्थानिक शीख संगत आणि सेवेकरी अन्न घेऊन येतात. नांदेडहून सुटलेली गाडी दुपारच्या जेवणाच्या सुमारास जालना-संभाजीनगर भागात असते, दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास नवी दिल्लीत. जेवण साधंच असतं. कढी-भात, छोले, डाळ, खिचडी, भाजी.

काम मात्र साधं नाही. गाडी काही मिनिटंच थांबते. तेवढ्यात डब्याडब्यापाशी पोचायचं. स्लीपर आणि जनरल डब्यांत खिडकीतून वाढता येतं. एसी डब्याच्या काचा उघडत नाहीत, तिथे दाराशी जावं लागतं. आणि गाडी लेट झाली तर? उत्तरेत हिवाळ्याच्या धुक्यात गाड्या तासन्‌तास रखडतात. तेव्हा सेवेकऱ्यांना गाडीची वाट बघत थांबावं लागतं. यातलं कुणी रेल्वेचा कर्मचारी नसतो. खर्च देणग्यांतून चालतो आणि हात सेवेकऱ्यांचे असतात.

फरक का पडतो?

'रेल्वे जेवण देते' असं समजून गाडीत बसलेला माणूस दोन चुका करतो. पहिली, तो घरून काहीच आणत नाही. ही कुणी लिहून दिलेली हमी नाही, त्यामुळे लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा डायबेटिसचे रुग्ण सोबत असतील तर शिदोरी हवीच.

दुसरी चूक जास्त वाईट. आपण पैसे भरलेत, ही आपली हक्काची सर्व्हिस आहे, या समजुतीने तो तक्रार करतो, गरजेपेक्षा जास्त घेतो, उरलेलं टाकतो. प्रत्यक्षात समोरचा माणूस स्वतःचं काम बाजूला ठेवून प्लॅटफॉर्मवर उभा असतो. त्याला तुमचं नाव माहीत नसतं, जात माहीत नसते आणि दहा मिनिटांनी तुम्ही त्याला कधी भेटणारही नसता.

म्हणून या गाडीने जाणारे जुने प्रवासी ताट-वाटी किंवा रिकामा डबा सोबत ठेवतात, जेवढं खाणार तेवढंच घेतात आणि मागच्याला पुढे येऊ देतात. तुमचं तिकीट निघालं असेल तर तेवढं लक्षात ठेवा. आणि ते रील पुन्हा समोर आलं तर कमेंटमध्ये एवढंच लिहा, हे जेवण रेल्वेचं नाही, लंगरचं आहे.