मुद्दाम हरण्याचे गणित

रत्नागिरीत कबड्डी खेळणाऱ्या मुलाला ‘मुद्दाम हर’ असे सांगून पाहा. तो तुम्हालाच वेड्यात काढील! अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये मात्र या प्रश्नाचा गंभीरपणे विचार होतो. तेथे संघ समतोल राहावेत म्हणून दुबळ्या संघांना नवे खेळाडू आधी निवडू देतात. मैदानावर पाचच गडी, त्यामुळे एक असामान्य खेळाडूही संघाचे नशीब पालटतो. मग तळाला गेलेलेच बरे, असा मोह होणारच.

हा मोह आवरण्यासाठी १९८५ साली सोडत आली. पुढे तळाच्या संघाला पहिल्या निवडीची २५ टक्के संधी असे. २०१९ साली ती १४ टक्क्यांवर आणली. तळाच्या तिन्ही संघांना सारखीच! म्हणजे शेवटून तिसरा असलेल्याने आणखी हरून पहिल्या निवडीची संधी वाढत नाही.

डेट्रॉइटचा संघ (तो मुद्दाम हरला असे नव्हे) २०२२-२३ मध्ये ८२ पैकी ६५ सामने हरला, पुढल्या हंगामात ६८. दोन्ही वेळा तळाला, आणि दोन्ही वेळा निवड पाचवी! नवल वाटले? सलग दोनदा पहिली निवड हुकण्याची शक्यता ०.८६ × ०.८६, म्हणजे सुमारे ७४ टक्के. तीन वर्षांची तुम्हीच काढा.