खिडकीबाहेरचे झाड

परीक्षा जवळ आली की शाळेच्या वेळापत्रकात पहिला बळी जातो तो खेळाच्या तासाचा. त्या तासाला गणित शिकवले जाते आणि पालकांनाही त्याचे समाधानच वाटते. ऊन, झाडे, मोकळी हवा ही सवड असलेल्यांची चैन होय, अशी समजूत समाजात खोलवर रुजली आहे. गेल्या चार दशकांतील संशोधन मात्र या समजुतीस छेद देणारे आहे.

रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासून त्याने सारख्या वयाच्या व प्रकृतीच्या रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि तीव्र वेदनाशामकेही त्यांना कमी लागली.

पुढे २०१९ मध्ये इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत असे आढळले की, आठवड्यातून किमान १२० मिनिटे निसर्गाच्या सहवासात घालवणारे लोक आपली प्रकृती उत्तम असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. ज्यांची प्रकृती मुळातच चांगली तेच घराबाहेर पडतात, असा आक्षेप यावर घेता येईल आणि तो गैरलागू नाही.

परंतु चीनमधील ग्वांगझू शहरातील प्रयोगाला हा आक्षेप लागू पडत नाही. तेथील १२ प्राथमिक शाळांपैकी निम्म्या शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर देण्यात आला. तीन वर्षांनंतर इतर शाळांतील ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टिदोष जडला होता. उघड्यावर जाणाऱ्यांत हे प्रमाण ३०.४ टक्के होते. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिवसाच्या प्रखर उजेडाने बुबुळामागील नेत्रगोलाची अवाजवी वाढ रोखली जाते, असे तज्ज्ञ मानतात. वर्गातील दिव्यापेक्षा झाडाच्या सावलीतला उजेडही कितीतरी पटींनी अधिक असतो. म्हणजे खेळाचा तास कापून मिळवलेल्या गुणांची किंमत काही मुलांना चष्म्याच्या रूपाने मोजावी लागते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. शहरांतील अनेक शाळांच्या वाट्याला मात्र फरसबंद अंगणच येते. श्रीमंतांना महाबळेश्वर आहे. दोन खोल्यांत राहणाऱ्या कारकुनाला आणि त्याच्या मुलांना कोपऱ्यावरच्या मैदानाखेरीज दुसरा निसर्ग नाही. म्हणूनच एखाद्या मैदानाचे आरक्षण उठते, तेव्हा केवळ चार झाडे जात नाहीत. ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांचे आरोग्य जाते.

मैदाने राखणे हे नगरपालिकांचे काम आहे आणि त्याला पैसा लागतो. खेळाचा तास खेळासाठीच ठेवण्यास मात्र कोणताही खर्च येत नाही. त्यासाठी मुख्याध्यापकांचा निर्धार आणि पालकांची संमती एवढेच पुरेसे आहे.